पोरगा म्हणतो, गोलीच होणार! (गेलिक फुटबॉल आणि स्टीफन क्लक्स्टन)

लिफीकाठचा

नमस्कार मंडळी. डब्लिनला येऊन सहा वर्षं झाली, इथे वाचक म्हणून त्याहून जुना आहे, पण धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

चिरंजीव अकरा वर्षांचे. घराजवळच्या जीएए (गेलिक खेळांची इथली संघटना) क्लबात गेलिक फुटबॉल खेळायला जातात. गेल्या शनिवारी गाडीत बसता बसता जाहीर केलं, "बाबा, मी गोली होणार."

खरं सांगतो, पोटात जरा कालवलं. आमच्या गल्लीत गोली कोणाला करायचे हे तुम्हाला सांगायला नको. ज्याला पळता येत नाही तो, नाहीतर ज्याला आईने चष्म्यावरून दम भरलाय तो. मी स्वतः चार वर्षं दोन चपलांच्या मध्ये उभं राहून काढली आहेत, कारण दुसरं होतं. दोन्ही चपला माझ्याच असायच्या.

मी म्हटलं, अरे पुढे खेळ, चार गोल मार. तर म्हणतो, "क्लक्स्टन गोली होता आणि त्याने फायनल जिंकून दिली." शेजारी एक डब्लिनकर आजोबा आहेत, त्यांना विचारलं. त्यांनी कुंपणावर कोपर टेकवले आणि पाऊण तास सोडलं नाही. शेवटी डोळे पुसले. क्लक्स्टन त्यांच्या नात्यातला नाही, कधी भेटलेलाही नाही.

तर विचारायचं असं की गोली असून एवढं मोठं होता येतं का? आणि पोराला अडवू की जाऊ दे?

पोह्यांवर_लिंबू

आधी गेलिक फुटबॉल म्हणजे काय ते सांगा. आमचं ज्ञान मेस्सीपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं.

कोपऱ्यातला_प्रेक्षक

मी २००४ पासून इथे आहे, थोडं सांगतो.

पंधरा विरुद्ध पंधरा. मैदान आपल्या नेहमीच्या फुटबॉलपेक्षा बरंच मोठं, लांबी १३० ते १४५ मीटर. गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखा. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून दोन खांबांच्या मधून गेला तर पॉइंट, म्हणजे एक गुण. चेंडू हातात घेता येतो, पण चार पावलांच्या वर धरून पळता येत नाही. एकदा आपटायचा, किंवा पायावर टाकून परत हातात घ्यायचा, त्याला सोलो म्हणतात. सलग दोनदा आपटलेला चालत नाही. पास द्यायचा तर हाताने फेकायचा नाही, मुठीने किंवा पंजाने मारायचा.

गुणफलक १-१२ असा लिहितात. एक गोल, बारा पॉइंट, एकूण पंधरा. पहिली दोन वर्षं मी ते बेस्ट बसचे नंबर वाचावेत तसे वाचत होतो.

अर्धवटराव

म्हणजे फुटबॉल, बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉलची मिसळ. रस्सा वेगळा.

रेडर_नंबर_सात

पैसे किती मिळतात यात? स्टार खेळाडू म्हणजे कोटीत असणार.

कोपऱ्यातला_प्रेक्षक

शून्य.

रेडर_नंबर_सात

??

कोपऱ्यातला_प्रेक्षक

खरंच शून्य. प्रवासखर्च मिळतो, सरकारकडून छोटंसं अनुदान मिळतं, पण पगार नाही. लिलाव नाही, बदली नाही. ज्या गावच्या क्लबचा त्या काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा). ८२,३०० माणसांच्या क्रोक पार्कात रविवारी फायनल खेळलेला माणूस चार दिवसांनी वर्गात फळ्यासमोर उभा असायचा, फायनल सप्टेंबरात असायची तेव्हा. क्लक्स्टन हा शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर. या खेळात मास्तर लोक भरपूर सापडतात. उन्हाळ्याची सुट्टी आणि चॅम्पियनशिप एकाच वेळी येते, हे त्यातलं गुपित.

रेडर_नंबर_सात

मग त्याला करिअर कसं म्हणायचं? सांगलीकडे आमचे मामा कबड्डी खेळायचे. रेडर. मांडीवर थाप मारली की समोरचा संघ मागे सरकायचा. पण खेळले ते एका बँकेच्या संघातून, आणि नोकरी त्या जोरावर लागली. रेल्वे, पोलीस, बँका यांनी पोरं घेतली म्हणून कबड्डी टिकली, प्रो कबड्डी २०१४ ला आली ती नंतर. काहीतरी मिळाल्याशिवाय माणूस वीस वर्षं अंग मोडून घेत नाही. उगाच त्यागाच्या गोष्टी नकोत.

ट्रॅलीची_सून

दादा, त्याग वगैरे नाही हो. इथे मिळतं ते वेगळं असतं. माझं सासर केरीतलं. आमच्या गावात १९८० च्या संघात खेळलेला माणूस दुकानात आला की आजही रांग आपोआप बाजूला होते. तुमच्या मामांसाठी समोरचा संघ मागे सरकायचा, तसंच.

बाकी हा धागा मी सासऱ्यांना दाखवणार नाही. आमच्या घरात त्या गोलीचं नाव घेत नाहीत. "तो डब्लिनचा मास्तर" एवढंच म्हणतात.

भाकरतुकडा

का बरं? काय केलंय त्याने तुमच्या सासऱ्यांचं?

कोपऱ्यातला_प्रेक्षक

ताई सांगणार नाहीत, मी सांगतो.

१८ सप्टेंबर २०११. फायनल, डब्लिन विरुद्ध केरी. डब्लिनने १९९५ नंतर सॅम माग्वायर चषकाला (हाच तो अखिल आयर्लंड विजेत्याचा) हात लावलेला नव्हता. क्लक्स्टन २००१ पासून संघात, म्हणजे दहा वर्षं नुसत्या हारी मोजलेल्या. २००२ च्या सेमीफायनलला आर्माविरुद्ध शेवटची फ्री (फ्री किक) खांबाला लागली आणि एका गुणाने गेले. २००३ ला परत आर्मा, या वेळी क्लक्स्टननेच समोरच्याला लाथ घातली, लाल कार्ड, संघ हरला. २००६ ला मेयोकडून एका गुणाने. २००९ ला केरीने सतरा गुणांनी धुतलं, आणि डब्लिनचे प्रशिक्षक पॅट गिलरॉय म्हणाले की आमची पोरं दगड उचलल्यावर सैरावैरा पळणाऱ्या किड्यांसारखी खेळली.

तर २०११ ला शेवटची सातेक मिनिटं उरली होती आणि केरी चार गुणांनी पुढे. मी हिल सिक्स्टीनवर (क्रोक पार्कातली उभ्याने बघायची बाजू), माझ्या बाजूचा माणूस कोट घालून निघायच्या तयारीत. तेवढ्यात राखीव म्हणून आलेल्या केव्हिन मॅकमॅनमनने गोल मारला. मग बरोबरी, मग डब्लिन एकने पुढे, मग केरीच्या डोनाहीने परत बरोबरी. १-११, १-११. वेळ संपलेली, जादा मिनिटं चालू. डब्लिनला फ्री मिळाली, चाळीसेक मीटरवरून, आणि मारायला कोण? आपल्या गोलमधून अख्खं मैदान तुडवत गोली आला.

घाई नाही, गडबड नाही. चेंडू ठेवला, मागे गेला, मारला. खांबांच्या मधोमध. १-१२, १-११.

आणि मग त्याने जे केलं ते मी अजून विसरलेलो नाही. हात वर केले नाहीत, कोणाला मिठी मारली नाही. पाठ फिरवली आणि आपल्या गोलकडे धावत सुटला, कारण सामना अजून संपलेला नव्हता. आजूबाजूला माणसं रडत होती आणि हा ड्यूटीवर परत निघालेला.

पोह्यांवर_लिंबू

काटा आला. पण मला सांगा, गोली तिथपर्यंत चालत गेला तेव्हा इकडे गोल मोकळा?

कोपऱ्यातला_प्रेक्षक

सताड. म्हणूनच धावत गेला परत.

ट्रॅलीची_सून

सांगितलंतच शेवटी. असो.

पण एक गोष्ट तुम्ही विसरलात. केरीचं गोलींशी वैर जुनं आहे. १९८२ ची फायनल, ऑफलीविरुद्ध. केरी सलग पाचवा चषक जिंकायला निघालेलं. ऑफलीचा गोली मार्टिन फर्लाँगने मायकी शीहीची पेनल्टी अडवली, आणि शेवटी शेवटी शेमस डार्बीने गोल मारून १-१५, ०-१७ असं घालवलं. सासरे तेव्हा तरण्याताठ्या वयाचे, क्रोक पार्कात हजर. ती पेनल्टी ते आजही जेवताना चमच्याने मारून दाखवतात.

मग २०१९ ला डब्लिन सलग पाचव्यासाठी उभं, समोर परत आम्हीच. पहिली फायनल १-१६, १-१६ अशी बरोबरीत सुटली. त्यात पॉल गीनीची पेनल्टी कोणी अडवली असेल ओळखा. फेरसामन्यात ते जिंकले. वर्षाचा सर्वोत्तम खेळाडूही तोच, ३७ व्या वर्षी. त्या रात्री सासऱ्यांनी गायीचं दूध काढायलाही दुसऱ्याला पाठवलं.

मालवणी_माणूस

अवांतर: आयर्लंडचा विषय निघाला आणि वराडकरांचं नाव नाही? लिओ वराडकर, आयर्लंडचे माजी पंतप्रधान (तिकडे टीशॉक म्हणतात), वडील आमच्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. २०१९ च्या डिसेंबरात गावी आले होते, सगळं गाव लोटलं होतं.

अर्धवटराव

वराडकर डब्लिनचे. त्या हिशोबाने डब्लिनचे नऊ चषक अर्धे मालवणचे.

मालवणी_माणूस

अर्धे कशाला, अख्खे घेव. सोलकढी आम्ही पाठवतो.

भाकरतुकडा

धागा समुद्रात चाललाय, परत किनाऱ्यावर आणतो. एक फ्री मारली, एक पेनल्टी अडवली, एवढ्यावर माणूस थोर होत नाही. चेतन शर्मानेही एक चेंडू टाकला होता, तो आपण विसरलो नाही, पण थोर म्हणून नाही. या गोलीने वर्षानुवर्षं नेमकं काय वेगळं केलं?

कोपऱ्यातला_प्रेक्षक

>>नेमकं काय वेगळं केलं?

हा खरा प्रश्न. उत्तर एका शब्दात, किकआउट.

समोरच्याने पॉइंट मारला, गोल मारला किंवा चेंडू बाहेर घालवला की गोली जमिनीवरून, छोट्या स्टँडवर चेंडू ठेवून खेळ परत सुरू करतो. एका सामन्यात असं कित्येकदा होतं. जुनी रीत काय, तर जीव खाऊन उंच आणि लांब मारायचा. मधल्या पट्ट्यात चार उंच गडी उडी मारणार, ज्याच्या हातात पडेल त्याचा. म्हणजे प्रत्येक वेळी छापा-काटा.

क्लक्स्टनने छापा-काटा बंद केला. चेंडू बाहेर गेल्या गेल्या हा दुसरा चेंडू घेऊन तयार. समोरचे खेळाडू अजून पाठमोरे, आपापल्या जागा शोधतायत, आणि याचा चेंडू तीस यार्डांवर मोकळ्या असलेल्या आपल्या गड्याच्या छातीवर. तोच नाही सापडला तर उजवीकडे आखूड. सगळे पुढे चढून आले तर त्यांच्या डोक्यावरून लांब, पण तोही नेमून ठेवलेल्या जागी धावत येणाऱ्या माणसासाठी. चेंडू आपल्याकडे असेल तर समोरचा गुण कसा मिळवणार? बचाव करायची वेळच येऊ द्यायची नाही, असा हा गोली.

चिंचपोकळी_एक्सप्रेस

क्रिकेटमध्ये समजावा की.

कोपऱ्यातला_प्रेक्षक

एके काळी यष्टिरक्षकाने झेल घेतले की काम झालं, बॅटिंग आली तर आली. मग गिलख्रिस्ट आला, धोनी आला, आणि आज नुसता झेल घेणारा कीपर कोणी घेत नाही. तसंच. क्लक्स्टननंतर आयर्लंडमधल्या प्रत्येक प्रशिक्षकाने गोलीला पहिला प्रश्न विचारला, लाथ कशी आहे?

याचा सगळ्यात क्रूर परिणाम मेयोवर झाला. २०१६ ची फायनल डब्लिनशी बरोबरीत सुटली. मेयोने त्यात दोन स्वयंगोल केले, हे आणखी वेगळं दुःख. फेरसामन्याला त्यांनी काय करावं? डेव्हिड क्लार्क हा उत्तम अडवणारा गोली बसवला आणि रॉब हेनेलीला आणलं, किकआउट बरे म्हणून. हेनेलीच्या हातून साधा चेंडू निसटला, समोरच्याला खाली ओढावं लागलं, पेनल्टी, काळं कार्ड (म्हणजे मैदान सोडायचं), हेनेली बाहेर, क्लार्क परत आत. सामना गेला एका गुणाने. आणि २०१७ ला? परत फायनल, परत डब्लिन, परत एक गुण. शेवटच्या क्षणी क्लार्कचाच किकआउट थेट बाजूच्या रेषेबाहेर गेला, त्यातून डब्लिनला फ्री मिळाली आणि डीन रॉकने मारली. तो मारत असताना मेयोच्या ली कीगनने पाठीवरचं जीपीएस यंत्र काढून त्याच्या दिशेने भिरकावलं, तरी गेली ती खांबांच्या मधूनच.

आपल्या गोलीने समोरच्याचा गोली बदलायला लावणं, ही कामगिरी कुठल्या रकान्यात लिहायची सांगा.

अर्धवटराव

मेयो हे नाव वाचलं की सँडविच डोळ्यांसमोर येतं. बिचारे.

ट्रॅलीची_सून

बिचारेच. १९५१ नंतर एकदाही जिंकलेले नाहीत. आख्यायिका अशी की जिंकून परतताना त्यांची मिरवणूक एका अंत्ययात्रेवरून मान न देता गेली आणि शाप लागला, या संघातला शेवटचा माणूस जिवंत असेपर्यंत चषक नाही. त्यातले शेवटचे पॅडी प्रेंडरगास्ट २०२१ च्या सप्टेंबरात गेले. चषक अजून आलेला नाही. सासूबाई म्हणतात, शापाचीही थकबाकी असते.

खडूस_आजोबा

सगळं वाचलं. आता माझं ऐका, मग शिव्या द्या.

सव्वीस वर्षं लंडनमध्ये काढली. कामावर आयरिश सहकारी, त्यांच्याबरोबर रुइस्लिपच्या मैदानावर कितीतरी रविवार घालवले. (लंडनचा संघ आयर्लंडच्या कॉनॉख्ट प्रांताच्या चॅम्पियनशिपमध्ये खेळतो. न्यूयॉर्कचाही. भूगोलावर विश्वास ठेवू नये.) त्या खेळातली सर्वांत सुंदर गोष्ट कोणती विचाराल तर उंच आलेला चेंडू चार जणांच्या डोक्यावरून हवेत झेलणं. केरीच्या व्हॅलेन्शिया बेटावरच्या मिक ओकॉनलच्या झेलांबद्दल म्हातारे लोक देव बघितल्यासारखे बोलायचे. १९५९ ला कर्णधार म्हणून चषक जिंकला आणि म्हणे चषक ड्रेसिंग रूममध्येच विसरून गडी घरी गेला, शेवटचा टप्पा स्वतःची होडी वल्हवत.

तुमच्या या क्लक्स्टनने तो झेलच संपवला. आखूड किक, आडवा पास, मागे पास, परत आडवा पास. सगळ्यांनी नक्कल केली आणि खेळाची हँडबॉलची शिकवणी झाली. पंधराच्या पंधरा जण आपल्या गोलसमोर भिंत बांधून उभे. शेवटी शेवटी मी सामना लावून पेपर वाचायचो. थोर माणूस असेल, पण खेळाचं वाटोळं थोर माणसंच करतात, सामान्यांची ती कुवत नसते.

भाकरतुकडा

शेवटच्या वाक्याला दंडवत.

कोपऱ्यातला_प्रेक्षक

आजोबा, निम्मं मान्य. पण भिंत बांधायची सुरुवात डब्लिनने केली नाही. २०१४ ला डॉनिगॉलने सेमीफायनलमध्ये डब्लिनला ३-१४, ०-१७ असं उडवलं ते आधी मागे दाटीवाटी करून आणि मग वाऱ्यासारखं पुढे जाऊनच. त्या हारीनंतर डब्लिन चॅम्पियनशिपमध्ये २०२१ पर्यंत हरलंच नाही, सलग ४५ सामने. २०१५ ते २०२० सलग सहा चषक, आणि २०१३ चा धरून कर्णधार म्हणून क्लक्स्टनने सात वेळा चषक उचलला. २०२० चा तर डिसेंबरात, कोविडमुळे रिकाम्या क्रोक पार्कात. ज्याला गर्दी आवडत नाही त्याला देवाने ८२ हजार रिकाम्या खुर्च्या दिल्या.

आणि त्याचे किकआउट कधी अडलेच नाहीत असंही नाही. २०१६ च्या सेमीफायनलला केरीने त्याच्या प्रत्येक माणसावर एकेक माणूस चिकटवला आणि मध्यंतराच्या आधी धडाधड दोन गोल घेतले. एवढं होऊनही डब्लिन ०-२२, २-१४ ने जिंकलं. त्या दिवशी दुसऱ्या अर्धात तो परत त्याच शांतपणे चेंडू ठेवताना पाहिला आणि मला वाटलं, याला विसरायची कला येते.

ट्रॅलीची_सून

>>सलग सहा चषक

पैशांचं पण बोला ना मग. डब्लिन काउंटीची वस्ती साडेचौदा लाखांच्या घरात, लिट्रमची पस्तीस हजार. दोघं एकाच स्पर्धेत. त्यातून डब्लिनला पोरं घडवायला जीएएकडून मिळालेला निधी, त्यावर इथे वर्षानुवर्षं भांडणं झाली आहेत. क्रोक पार्क त्यांच्याच अंगणात. आमचा कॉल्म कूपर, 'गूच' म्हणतात त्याला, डावा-उजवा दोन्ही पाय, डोळे मिटून पास द्यायचा. तो डब्लिनचा असता तर नऊ काय, बारा झाले असते.

कोपऱ्यातला_प्रेक्षक

वस्ती १९९६ ते २०१० मध्येही सगळ्यांत मोठीच होती की ताई. तेव्हा का नाही जिंकले?

ट्रॅलीची_सून

कारण तेव्हा आम्ही होतो. :)

रेडर_नंबर_सात

मी मघाशी जरा तोडून बोललो. एक विचारतो, क्लक्स्टन बोलतो का कधी? मुलाखती वगैरे? यूट्यूबवर शोधलं, किका सापडतात, शब्द सापडत नाहीत.

कोपऱ्यातला_प्रेक्षक

जवळजवळ नाहीच. कर्णधाराला चषक घेताना भाषण करावं लागतं तेवढं करायचा. पत्रकारांना टाळण्यात त्याचा हात कोणी धरला नाही. त्याचा शेवटही त्याच्यासारखाच. २०२० नंतर संघात दिसेनासा झाला. निवृत्तीची घोषणा नाही, निरोप नाही. २०२१ गेलं, २०२२ गेलं, लोकांनी गृहीत धरलं की संपलं. मार्च २०२३ मध्ये लीगच्या एका सामन्याला लोक क्रोक पार्कात बसतायत, राखीव खेळाडू बाहेर आले, आणि त्यांत हा! वय ४१. माझ्या मागच्या रांगेतली बाई "आई गं" च्या आयरिश आवृत्तीत किंचाळली. त्याच वर्षी जुलैत फायनल, परत केरी, १-१५, १-१३. नववं पदक. त्याच्यासोबत जेम्स मॅकार्थी आणि मायकल फिट्झसिमन्स यांनाही नववं. त्याआधी कोणाकडेच आठच्या वर नव्हती.

ट्रॅलीची_सून

आणि आधीची आठवाली मंडळी कुठली? केरीची. सत्तर-ऐंशीच्या दशकातली. नोंद असावी.

खडूस_आजोबा

आता गंमत ऐका. २०२५ पासून नियम बदलले. किकआउट गोलपासून ४० मीटरवर आखलेल्या कमानीबाहेर गेलाच पाहिजे. म्हणजे आखूड किक बंद, चेंडू परत हवेत, माझे झेल परत आले. आपल्या अर्ध्यात गोलीला मागे पास द्यायलाही जवळजवळ बंदी. कमानीबाहेरून मारलेल्या पॉइंटला दोन गुण. प्रत्येक संघाचे किमान तीन गडी समोरच्या अर्ध्यात राहिलेच पाहिजेत, म्हणजे भिंतही पडली.

आणि ही नियम बदलणारी समिती कोणाच्या अध्यक्षतेखाली? जिम गॅव्हिन. २०१३ ते २०१९ डब्लिनचा प्रशिक्षक. क्लक्स्टनच्या जोरावर सहा चषक नेणारा हाच माणूस.

भाकरतुकडा

ज्याने कुलूप बनवलं त्यालाच किल्ली माहीत.

चिंचपोकळी_एक्सप्रेस

मला उलट वाटतं. एका माणसाच्या लाथेमुळे अख्ख्या देशाला नियम बदलावे लागले. आजोबा, तुम्ही तर त्याचं सर्टिफिकेटच आणून दिलंत.

खडूस_आजोबा

हम्म. चहा घेऊन येतो.

अर्धवटराव

आजोबा 'हम्म' म्हणाले. स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

शब्दवेडी_नागपूर

इतका वेळ नुसती वाचतेय. क्रोक पार्कबद्दल एक. १९२० च्या २१ नोव्हेंबरला तिथे सामना चालू असताना ब्रिटिशांच्या दलाने प्रेक्षकांवर गोळीबार केला, चौदा माणसं गेली. त्यात टिपरेरीचा खेळाडू मायकल होगन मैदानातच. जालियनवाला बागेनंतर दीड वर्ष. तिथल्या होगन स्टँडला त्याचंच नाव आहे आणि चषक देतात तो त्याच स्टँडवर. त्यामुळे पगार नसताना लोक का खेळतात, याचं थोडं उत्तर मला तिथे सापडतं. पण मी तिथे गेलेले नाही, वाचलेलंच सांगतेय.

कोपऱ्यातला_प्रेक्षक

बरोबर सांगितलंत. एकदा या.

पोह्यांवर_लिंबू

धागाकर्ते कुठे गेले? पोरगा गोली झाला की नाही?

ट्रॅलीची_सून

हो, मूळ प्रश्न राहिलाच. लिफीकाठचे भाऊ, माझी मोठी इथे मुलींच्या संघात आहे म्हणून सांगते. अकरा वर्षांच्या पोरांचे सामने 'गो गेम्स' असतात. निकाल छापत नाहीत, तक्ता नसतो, सगळ्यांना पूर्ण खेळवतात. आमच्या क्लबात तर जागाही फिरवतात, या आठवड्यात गोली तर पुढच्या आठवड्यात पुढे. त्यामुळे तुम्ही अडवायचा प्रश्नच येत नाही, प्रशिक्षकच अडवतील.

लिफीकाठचा

अहो, नोकरी आहे, वाचायला वेळ लागला. एवढं सगळं आलं म्हणून सगळ्यांचे आभार. कोपऱ्यातले दादा, तुमचा २०११ चा प्रतिसाद शेजारच्या आजोबांना भाषांतर करून सांगितला. त्यांनी एकच दुरुस्ती केली. म्हणाले, "धावत नाही गेला, सावकाश पळत गेला. फरक आहे."

ताई, तुमचं बरोबर निघालं, आमच्याकडेही फिरवतात. पण या शनिवारी याची पाळी गोलची होती. गुण कोणी मोजत नाही म्हणे. मैदानावरच्या प्रत्येक पोराला मात्र तोंडपाठ होते. आमच्याकडून चार गोल गेले. पाचवा याने पोटावर घेतला, पाच मिनिटं श्वास नव्हता, पण चेंडू सोडला नाही.

आणि किकआउट. पहिला थेट रेषेबाहेर, आम्हा आईबापांच्या रांगेत. दुसरा समोरच्या पोराच्या हातात, तोच चौथा गोल. तिसऱ्याला सगळी पोरं मध्यभागी गठ्ठा करून उभी होती आणि याने डावीकडे एकट्याच उभ्या असलेल्या एका बुटक्या मुलीकडे आखूड दिला. तिला कोणी पास देत नाही. तिच्याजवळ कोणीच नव्हतं. ती घाबरून तशीच पळत सुटली, चार पावलांनंतर आपटायचा वगैरे काही नाही, सरळ पुढे. शिट्टी वाजेपर्यंत अर्धं मैदान पार.

घरी येताना गाडीत विचारलं, तिला का दिलास? म्हणाला, "मोकळी होती ना."

सध्या परसात किकआउटचा सराव चालू आहे. काल शेजारच्या आजोबांच्या गुलाबांत दोन गेले. आजोबा काही बोलले नाहीत, चेंडू परत टाकताना फक्त म्हणाले, आखूड मार.

खडूस_आजोबा

२०२५ च्या नियमात बसत नाही. पण मारू दे.